आमचा बॉय मंगळवारी येईल

“तुमचा बॉय किती वर्षांचा आहे?” मार्लेनने फोनवर विचारलं.

मी टिलबर्गच्या आमच्या गोडाउनच्या दारात उभी होते. मागे शेजारच्या कंपनीची फोर्कलिफ्ट पींपीं करत मागेपुढे होत होती. मार्लेन ही द हेगजवळच्या एका म्युझियमची प्रोजेक्ट मॅनेजर. कामाखेरीज एक शब्द न बोलणारी बाई. आज ती चक्क घरची चौकशी करत होती. मला बरं वाटलं.

“चौदा,” मी म्हटलं.

“चौदा?”

“हो. पण उंचीने माझ्या डोक्यावरून गेलाय.”

“आणि तो... तो दगड उचलणार?”

“कसला दगड? तो जेवलेलं ताट उचलत नाही.”

मग ती हळूच म्हणाली, “वैशाली, त्याला शाळा नाही का?”

“आहे ना. मंगळवारी जरा लवकर सुटते.”

“मी तुला मेल करते,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मेल लगेच आली. मंगळवारचं इन्स्टॉलेशन थांबवण्यात येत आहे. तुमच्या माणसाला इमारतीत प्रवेश मिळणार नाही. लेखी खुलासा करावा. सीसीमध्ये अशी नावं होती, जी मी कधी ऐकली नव्हती. खुलासा कशाचा, ते मला कळेना. तीनदा वाचली. चौथ्यांदा वाचताना ‘अल्पवयीन’ हा शब्द नीट दिसला आणि माझं डोकं फिरलं. मी अल्पवयीन मुलं कामाला लावते, असं या बाईला सांगितलं कोणी?

माझा धंदा आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी प्रॉप्स पुरवते. प्रॉप म्हणजे देखाव्यातली वस्तू. नाटकवाल्यांना, शाळांना, म्युझियमना जुन्या काळच्या वस्तू लागतात. खऱ्या कपाटात असतात, हात लावायला नकली लागतात. मी त्या भारतातून बनवून आणते. तांब्याची भांडी, मातीचे दिवे, हातमागाचं कापड. नवऱ्याच्या मागे डिपेंडंट व्हिसावर आइंडहोव्हनला आले तेव्हा मला इथलं कोणी विचारत नव्हतं. सुरुवात रविवारच्या बाजारात पितळी वाट्या विकून केली. कोणी हात धरून पुढे आणलं नाही. बँकेने तर दोनदा हाकललं. त्यामुळे एखाद्याने माझ्या कामावर बोट ठेवलं की माझा आवाज चढतो. चढतो तर चढतो.

या म्युझियमची ऑर्डर माझी पहिली मोठी ऑर्डर. तोवर सगळं शाळांचं किरकोळ काम होतं. हे काम नीट पार पडलं तर बाकीची म्युझियमं दार उघडणार, आणि फसलं तर मी पुन्हा वाट्या विकणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. उद्घाटनाची तारीख ठरलेली होती. मंगळवारी वस्तू बसल्या नाहीत तर ते त्या जागी मोठे फोटो लावणार होते आणि माझा माल परत.

प्रदर्शनाचा विषय होता रोमन काळातल्या गुलामांचा रोजचा दिवस. नेदरलँड्सच्या या भागात कधीकाळी रोमन गाव होतं. त्या गावातल्या एका श्रीमंत घराची मागची बाजू त्यांना उभी करायची होती: स्वयंपाकघर, दळणाची जागा, पुढचं दार. संगमरवरी हॉल नाही, मालक नाही, मेजवानी नाही. फक्त काम, आणि ते करणारे पुतळे. पहाटे चूल पेटवणारी, दळण दळणारी, पाणी भरणारा, रात्रीची भांडी बाहेर ओतणारा, मालकिणीचे केस विंचरणारी, तिच्या मुलाला शाळेत पोचवणारा आणि दाराशी बसणारा.

क्युरेटर, म्हणजे प्रदर्शनात काय ठेवायचं ते ठरवणारा अभ्यासक, त्याचं नाव योस्ट. त्याच्याशी माझी पहिल्या दिवसापासून जुंपलेली. मी म्हटलं, गुलामांचे कपडे फाटके देते, लोकांना लगेच कळेल. तो म्हणाला, नको, त्यांचे कपडे गरीब मोकळ्या माणसासारखेच असायचे. वेगळा पोशाख सक्तीचा करावा अशी सूचना रोममध्ये एकदा आली होती म्हणे, पण पुढाऱ्यांनीच ती फेटाळली. का, तर गुलामांना एकमेकांकडे बघून कळलं असतं की आपण किती जास्त आहोत. मला हे पटलं, पण त्याला सांगितलं नाही. रेट ठरायचा होता.

जात्यावरूनही घासाघीस झाली. रोमन जातं आपल्या जात्यासारखंच. खाली एक दगड, वर एक दगड, वरच्याला लाकडी खुंटा. त्यांचं जातं जर्मनीतल्या डोंगरातल्या काळ्या दगडाचं असायचं. योस्टला तोच दगड हवा होता. मी म्हटलं, तुमचा दगड ज्वालामुखीचा, आमच्या सह्याद्रीचाही ज्वालामुखीचा. माझा स्वस्त पडेल आणि आमच्याकडे तो घडवणारी माणसं अजून आहेत. त्याने तुकडा हातात घेतला, नखाने खरवडला, वास घेतला. शेवटी हो म्हणाला. कपड्यांसाठी मी घोंगडी विणणाऱ्यांकडून जाडी लोकर आणली. ड्रॉइंगवर प्रत्येक पुतळ्याजवळ डचमध्ये लिहिलं होतं: दळणारी बाई, आचारी, दाराजवळचा मुलगा. मी मापं काढून कपडे शिवून घेतले. एवढं सगळं बिनचूक चाललं होतं आणि आता ही मेल.

मी माझीच जुनी मेल उघडली. शेवटची ओळ होती: आमचा बॉय मंगळवारी सकाळी दगड घेऊन येईल आणि बसवून देईल. यात काय चुकलं? आपण सगळे असंच लिहितो. एसी बिघडला की कंपनीवाला म्हणतो, बॉय पाठवतो. मग डोक्यात प्रकाश पडला. मार्लेन या बॉयचं वय विचारत होती आणि मी माझ्या ईशानचं सांगत होते.

माझा ‘बॉय’ म्हणजे दिगंबर साठे. वय अठ्ठावन्न. नगरच्या आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचे इन्स्ट्रक्टर होते. त्यांची बायको माझ्या नवऱ्याच्याच कंपनीत चिप बनवायची मशीन्स जुळवते. तिची बदली इथे झाली तेव्हा साठ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि तेही माझ्यासारखेच डिपेंडंट म्हणून आले. दोन हिवाळे घरी बसून कंटाळले, मग माझ्याकडे लागले. इन्स्टॉलेशनची सगळी कामं तेच करतात.

मार्लेनला फोन लावला. मीटिंगमध्ये. परत लावला. परत मीटिंगमध्ये. या देशात माणूस मीटिंगमध्ये असला की तो मेल्यासारखा असतो, निरोपही जात नाही. शेवटी मी साठ्यांना म्हटलं, “सर, व्हॅन काढा. म्युझियमला जायचंय.”

“आज? मंगळवारी ना?”

“आज तुम्हाला नुसतं दाखवायचंय.”

“मला? दाखवायचंय?”

“तुम्ही लहान नाही, एवढं सिद्ध करायचं.”

ते किल्ली शोधत म्हणाले, “आमच्या हिला बोलवू नका म्हणजे झालं. तिचं मत वेगळं आहे.”

वाटेत त्यांनी दोनदा विचारलं, नेमकं झालंय काय. मी म्हटलं, त्यांचा काहीतरी घोळ झालाय. तेव्हा मला खरंच तेवढंच वाटत होतं.

साठ्यांना पार्किंगमध्ये थांबवून मी आत गेले. मीटिंग रूममध्ये मार्लेन आणि योस्ट दोघंही होते. टेबलावर माझी मेल छापून ठेवलेली, ‘बॉय’ शब्दावर पिवळा मार्कर. बाजूला मी पाठवलेले कपडे. मार्लेनने तोंड उघडायच्या आत योस्टच बोलला.

“बॉयचे कपडे चुकलेत.”

“काय चुकलं?” मी म्हटलं. “जॅकेट आहे, सेफ्टी शूज आहेत.”

“सेफ्टी शूज?”

“तुमच्याच नियमात लिहिलंय, शूजशिवाय आत यायचं नाही.”

योस्टने मार्लेनकडे पाहिलं. “रोमन माणसाला सेफ्टी शूज कोणी सांगितले?”

“कोण रोमन?” मी म्हटलं. “नगरचा आहे तो.”

“वैशाली, हा अंगरखा आखूड शिवलाय. गुडघ्याच्या वर. त्याला बसता येणार नाही.”

“मग मुलाला आखूडच शिवणार ना!”

“पण तो साठ वर्षांचा आहे.”

“साठ नाही, अठ्ठावन्न. तुम्हाला कोणी सांगितलं?”

आता मार्लेन मध्ये पडली. तिचा चेहरा लाल झाला होता. “एक मिनिट. तू मला फोनवर चौदा सांगितलंस.”

“तो माझा मुलगा! ईशान!”

“म्हणजे तुझा स्वतःचा मुलगा दगड उचलणार?”

“अहो, तो कुठे मध्ये आला! तुम्ही त्याच्याबद्दल विचारलंत असं मला वाटलं.”

“मग साठ वर्षांचा कोण?”

“मला काय विचारता? यांना विचारा. हेच म्हणाले साठ.”

योस्टने दोन्ही हात वर केले, वर्गात गोंगाट झाला की मास्तर करतात तसे. मग त्याने ड्रॉइंग पुढे ओढलं आणि दारापाशी बसलेल्या आकृतीवर बोट ठेवलं. “हा. दाराजवळचा मुलगा. हा साठ वर्षांचा म्हातारा आहे.”

“मग मुलगा का लिहिलंत?”

“कारण ते त्याला मुलगाच म्हणायचे.”

मला खरोखर काही कळत नव्हतं. ड्रॉइंगमधल्या त्या माणसाला नुसती रेघांची दाढीसुद्धा नव्हती. मी आपलं मुलगा वाचलं आणि मुलाचा कपडा शिवला. यात माझा दोष काय?

योस्टने सांगितलं ते असं. रोमन लोक गुलामाला ‘पुएर’ म्हणून हाक मारायचे. पुएर म्हणजे मुलगा. गुलाम दहा वर्षांचा असो की सत्तर, हाक तीच. दाराशी बसलेल्या या म्हाताऱ्याने घरातल्या लेकराला कडेवर घेऊन फिरवलेलं असतं. तेच लेकरू मोठं होऊन मालक होतं आणि त्याला म्हणतं, ‘मुला, दार उघड.’ कारण मोठा माणूस म्हणजे स्वतःचा सौदा स्वतः करणारा. गुलाम कायद्याने तो करू शकत नाही. म्हणून तो कायमचा मुलगा.

“त्याला स्वतःचं नाव नसायचं?” मी विचारलं.

“असायचं. पण फार जुन्या काळी कित्येकांना मालकाच्याच नावाने ओळखत. मालक मार्कुस, तर गुलाम मार्किपोर. मालक लुकियुस, तर लुकिपोर.”

“मार्कीचं पोर,” मी म्हटलं.

“काय?”

“मार्किपोर. मार्कीचं पोर. आमच्या भाषेत पोर म्हणजे मूल.”

योस्ट खुर्चीत पुढे सरकला. मला परत म्हणायला लावलं. त्याने ते वहीत लिहून घेतलं. मग स्वतःच म्हणाला, दोन शब्दांचा काही संबंध नसावा, नुसता योगायोग. पण त्याचे डोळे चमकत होते. मी म्हटलं, संबंध असो नसो, आमच्याकडे वापर तोच आहे. कराडला मी लग्नाआधी एका मंडपवाल्याकडे ऑफिस सांभाळायचे. बांबू बांधणारी, ताडपत्री ओढणारी सगळी माणसं ‘पोरं’. त्यांतला एक आजोबा होता, नातवंडांची लग्नं झालेली. पार्टीचा, म्हणजे गिऱ्हाइकाचा, फोन आला की मालक म्हणायचा, ‘पोरं पाठवतो.’ कोणाला राग यायचा नाही. निदान मला तरी कधी दिसला नाही.

“आणि तू तुझ्या माणसाला तेच म्हणतेस,” मार्लेन म्हणाली. मेलवरच्या पिवळ्या शब्दावर तिने पेन टेकवलं.

“ते इंग्रजी आहे,” मी म्हटलं. “त्याचा याच्याशी काय संबंध?”

दोघंही काही बोलले नाहीत. डच माणसं एरवी तोंडावर फाडफाड बोलतात. गप्प बसली की समजावं, आता वाईट आहे.

मग साठ्यांना आत बोलावलं. ते आले. डोक्यावर एक काळा केस नाही, नाकावर चष्मा, हातात टोपी. मार्लेनने त्यांच्याकडे पाहिलं आणि तिचे खांदे खाली आले. तरी तिला प्रश्न विचारणं भाग होतं. म्युझियमचा नियम, विशेषतः या विषयाच्या प्रदर्शनात.

“तुम्ही हे काम स्वतःच्या मर्जीने करता का?”

साठ्यांनी विचार केला. “मर्जी म्हणजे... घरी बसलो की बायको भाजी आणायला पाठवते.”

“तुमचं ओळखपत्र तुमच्याकडेच असतं ना?”

“पाकिटात आहे. दाखवू?”

“सुट्टी हवी असेल तर मिळते?”

ते माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, “बघता काय, सांगा ना!” ते म्हणाले, “मिळते.” मार्लेनने ते माझ्याकडे बघणंही टिपून घेतलं असणार.

पण काम झालं होतं. मंगळवारची परवानगी परत मिळाली. सगळे उठलो. योस्टने साठ्यांशी हात मिळवला, त्यांचं नाव विचारलं, दोनदा म्हणून पाहिलं, जमलं नाही. मग हसत म्हणाला, “रोमन पद्धत सोपी. तुम्ही वैशालिपोर.”

मी मोठ्याने हसले. घोळ मिटला होता, ऑर्डर वाचली होती, हसू येणारच. योस्टही हसला. त्याच्या दृष्टीने तो परक्या भाषेतला विनोद होता. पण साठ्यांना तो शब्द कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या कागदाकडे. पिवळ्या शब्दाकडे. चष्मा काढून वाचलं. आणि मग हसले, थोडंसं, उशिरा.

परतीच्या वाटेवरही साठेच व्हॅन चालवत होते. एरवी रेडिओवरच्या डच बातम्यांचा ते चुकीचा अर्थ सांगतात आणि मला हसवतात. त्या दिवशी रेडिओ लावलाच नाही. अर्ध्या वाटेत म्हणाले, “मॅडम, तुम्ही मला तोंडावर सर म्हणता.”

“मग? मान देतेच ना.”

“आणि मेलमध्ये?”

“सर, ती धंद्याची भाषा आहे. सगळे लिहितात.”

“आयटीआयमध्ये माझ्या हाताखाली शिकणाऱ्यांना मी पोरं म्हणायचो. ती सोळा-सतरा वर्षांची होती.”

“बॉय म्हटलं म्हणजे काय लगेच लहान झालात का तुम्ही? की मी तुम्हाला साखळीने बांधलं?”

“तसं नाही म्हणालो. नाव लिहायला काय अडचण आहे, एवढंच विचारलं.”

“अडचण काही नाही.”

“मग?”

“मग काय! नाव लिहिलं तर उद्या ते मला सोडून तुम्हालाच फोन करतील!”

तोंडातून निघून गेलं. मी चिडले की असं होतं. पण खोटं काय होतं त्यात? हा धंदा असाच चालतो. मंडपवाल्यानेच मला शिकवलं होतं. पार्टीला माणसाचं नाव कळू द्यायचं नाही. नाव कळलं की पार्टी पुढच्या वेळी त्याच्याशी परस्पर बोलते. ‘पोरं येतील’ म्हटलं की रेट मालकाशी, तक्रार मालकाशी, पुढचं कामही मालकाशी. यात अपमान कुठे आला? ही तर साधी सावधगिरी.

साठ्यांनी व्हॅन एका पेट्रोल पंपावर घेतली. इंजिन बंद केलं. मला वाटलं, कॉफी प्यायची असेल.

“मंगळवारी मी येतो,” ते म्हणाले. “पण त्यांना मेल करा. कोण येणार ते लिहा. नाव आडनावासकट.”

“आणि नाही लिहिलं तर?”

“तर एखादं पोर शोधून पाठवा.”

हे त्यांनी अगदी शांतपणे म्हटलं आणि व्हॅन पुन्हा सुरू केली.

घरी येऊन मेल लिहायला बसले. आधी लिहिलं ‘आमचा टेक्निशियन’. खोडलं, हा पुन्हा नावाशिवायच. मग ‘आमचे सीनियर सहकारी’. तेही खोडलं. नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, “नाव लिही की. दोन शब्द तर आहेत.” इंजिनियर माणसाला धंद्यातलं काय कळतं! त्याला पगार येतो. ईशान शेजारी बसून ऐकत होता. तो डचमध्ये म्हणाला, त्याचं नाव वापरून मी म्युझियमला काय काय सांगितलं ते त्याला कळलंय, तर तेही मेल करून दुरुस्त करावं. घरात माझ्या बाजूने कोणीच नव्हतं.

मला खरंच समजत नव्हतं. तीच ओळ मी वर्षानुवर्षं लिहीत आले. कोणाचं काही अडलं नाही. एका मेलेल्या भाषेतल्या शब्दामुळे ती अचानक गुन्हा कशी झाली? पण मंगळवार डोक्यावर होता, आणि ते जातं दुसऱ्या कोणाकडून बसवून घ्यायला माझ्याकडे दुसरं कोणी नव्हतं. शेवटी लिहिलं: श्री. दिगंबर साठे मंगळवारी सकाळी येतील. पाठवून दिलं.

मंगळवारी काम चोख झालं. जातं बसलं. साठ्यांनी वरचा दगड फिरवून दाखवला तर मार्लेनसुद्धा खाली बसून फिरवायला लागली आणि चार फेऱ्यांत तिचा हात भरून आला. “रोज?” तिने विचारलं. योस्ट म्हणाला, “रोज, घरातल्या सगळ्यांचं, पहाटेपासून.” मी दाराजवळच्या म्हाताऱ्यासाठी नवा लांब अंगरखा शिवून आणला होता. साठ्यांनीच तो पुतळ्याला घातला, खांद्यावर सारखा केला. मग वाकून दाराची कडी बसवताना योस्टला विचारलं, “हा सुटायचा कसा?”

योस्ट म्हणाला, काहींना मालक सोडायचा. काही जण मिळालेली बक्षिसी साठवून स्वतःलाच मालकाकडून विकत घ्यायचे.

“मग कुठे जायचे?”

“लांब नाही. बरेचसे तोच धंदा करायचे, जो मालकाकडे शिकले. त्याच गावात.”

“आणि मालक?”

“मालकाची अपेक्षा असायची की यांनी आपल्याला धरून राहावं. त्यावरून वादही व्हायचे.”

साठे “अस्सं” म्हणाले आणि स्क्रू आवळत राहिले. मी तेव्हा पावतीवर सही घेत होते. लक्ष द्यायला हवं होतं.

उद्घाटन झालं. लोक जात्यासमोर रांग लावत होते. आभाराच्या फलकावर माझ्या कंपनीचं नाव होतं, खालून दुसऱ्या ओळीत. वर, वेगळ्या ओळीत, मोकळं: दिगंबर साठे, मांडणी. मार्लेनने मेलमधून उचललं होतं. स्पेलिंगसुद्धा बरोबर. माझं स्वतःचं नाव कुठेच नव्हतं. मी विचारलं तर ती म्हणाली, “तुझं नाव कुठे कळवलं होतंस? मेलखाली तर फक्त कंपनी असते.”

पुढचं सांगायला नकोच. काही आठवड्यांनी म्युझियमच्या दुसऱ्या दालनाचं काम निघालं आणि मार्लेनने फोन केला. मला नाही. साठ्यांना. साठ्यांनी मला येऊन सरळ सांगितलं, लपवाछपवी केली नाही, हे मान्य करते. त्यांनी व्यवसायाची रीतसर नोंदणी केली, गाडीवर स्वतःच्या नावाचा स्टिकर लावला. मी रागावले, दोन दिवस बोलले नाही. ते मात्र रोज सकाळी गुलाबाच्या फुलावर ‘शुभ सकाळ’ लिहिलेला मेसेज पाठवत राहिले.

पुढे एका शाळेने तसंच जातं मागवलं आणि माझं इन्स्टॉलेशन अडलं, तेव्हा मलाच फोन करावा लागला. त्यांनी कोटेशन पाठवलं. रेट बघून मला वाटलं, एखादा आकडा चुकून जास्त पडलाय. फोन लावला.

“साठेसर, आपल्यात हा रेट?”

“मॅडम, इतकी वर्षं रेट तुम्हीच ठरवलात. हा माझा.”

“जातं बसवायलाच ना? मागच्या वेळी बसवलंत तसंच?”

“तसंच.”

“मग बदललं काय?”

“कोटेशनवर कोणाची सही आहे बघा,” ते म्हणाले.

मी घासाघीस केली. मला ती येते, त्यावरच मी उभी आहे. वर्षभराचं काम देते म्हटलं, पैसे आधी देते म्हटलं, शेवटी ओरडलेसुद्धा. ते ऐकून घेत होते आणि प्रत्येक वेळी तोच आकडा सांगत होते, अगदी मी गिऱ्हाइकाला सांगते तसा. कबूल करावं लागलं. माणूस तोच, हात तेच, पान्याची पेटीसुद्धा मी घेऊन दिलेली. कुठे काय चुकलं ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

म्युझियमच्या कामात नव्याने येणाऱ्यांना मात्र एक सल्ला देईन. माणसाचं नाव जरूर लिहावं. पण त्याआधी त्याच्याशी पुढच्या पाच वर्षांचा रेट ठरवून घ्यावा, आणि तोही लेखी.